सूचनेचा फोटो काढू नका, सूचना पाठवा

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आपल्यापैकी पुष्कळांच्या फोनवर एक चित्र येऊन गेले असेल. ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला, असे त्यावर ठळक अक्षरांत. बातमी खोटी नव्हती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची आणि ईदची मिरवणूक लागोपाठ येऊ नये म्हणून मुंबईत जुलूस ८ तारखेला काढायचे ठरले आणि राज्य सरकारने सुट्टीही पुढे नेली. पण ती फक्त मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती. पुणे जिल्ह्यात, म्हणजे आपल्या मावळात, सुट्टी ५ तारखेलाच होती. माझ्याकडे जे चित्र आले त्याची खालची ओळ कापलेली होती, आणि ‘मुंबई’ हा शब्द त्याच ओळीत असणार. मग फोन सुरू झाले. “टीचर, शुक्रवारी शाळा आहे का?” “आपा, मुलाला डबा द्यायचा का?”

असे पहिल्यांदा घडले नाही. २०२३ मध्ये बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, २९ जूनला आली. छापील कॅलेंडरांत आणि सरकारी यादीत सुट्टी २८ ला होती. ती आयत्या वेळी २९ ला नेली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकत्र आली आणि सुट्टी २९ ला दिली गेली. चांदावर चालणारे महिने आणि पंचांगावर चालणारे सण शेजारी शेजारी नांदतात, तिथे असे होतच राहणार. समंजसपणे तारीख मागेपुढे करतात ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण तारीख बदलण्यात नाही. बदललेली तारीख घरोघरी कशी पोहोचते, त्यात आहे.

आपण सगळ्या गोष्टींचे चित्र करून टाकतो. निकाहची दावत, मय्यतीची इत्तिला, शाळेचा प्रवेश, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश, बिर्याणीची कृती, सगळे एकाच साच्यात: एक फोटो. माणसाच्या डोळ्याला त्यात तारीख दिसते, जागा दिसते. फोनला मात्र काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी जनाज्याची वेळ आणि चिक्कीच्या दुकानाची जाहिरात यांत काही फरक नाही. दोन्ही रंगीत ठिपके. म्हणून तो ती सूचना शोधून देऊ शकत नाही, कॅलेंडरात टाकू शकत नाही, आणि तारीख बदलली तर जुने चित्र मागे घेऊ शकत नाही.

ही सवय आपल्याला का लागली, याचे एक कारण मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला चटकन कळते. युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाई श्रीलिपीसारख्या प्रणालींवर चालायची. श्रीलिपी तर आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. त्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही, त्याला मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. उर्दूत १९९४ पासून इनपेज आले आणि नस्तालीक लिहिण्याची मोठी सोय झाली, पण इनपेजची जुनी फाइल इनपेजशिवाय उघडत नसे आणि तिच्यातला मजकूर दुसरीकडे चिकटवता येत नसे. मग एकच उपाय उरे. छापखान्यातून त्याचा फोटो किंवा पीडीएफ करून घ्यायचा. तेव्हा ते योग्यच होते. आता प्रत्येक फोनवर मराठी आणि उर्दू युनिकोडमध्ये टाइप होते, बोलूनही लिहिता येते, तरी सवय गेलेली नाही. फ्लेक्सवाल्याकडून ‘डिझाइन’ आल्याशिवाय सूचना पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही!

दुसरे कारण आपण कुठे लिहितो हे आहे. जे काही आहे ते एखाद्या कंपनीच्या अंगणात. ऑर्कुट आठवते? जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. भारतीय भाषांसाठी म्हणून गाजलेले ‘कू’ २०२० मध्ये आले आणि जुलै २०२४ मध्ये गुंडाळले गेले. तिथे ज्यांनी रोज लिहिले त्यांचे वाचक एका दिवसात गेले. घर भाड्याचे असेल तर मालक सांगेल तेव्हा सामान बांधावे लागते, हे आपल्याला जागेच्या बाबतीत कळते. शब्दांच्या बाबतीत आपण बेफिकीर असतो.

याला दुसरी वाट आहे. तिला विकेंद्रित समाजमाध्यम म्हणतात, इंग्रजीत फेडिव्हर्स. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. तुमच्याकडे जिओचे कार्ड आहे आणि खालाजानकडे एअरटेलचे, तरी फोन लागतो ना? कारण कंपन्या वेगळ्या असल्या तरी फोन जोडण्याची रीत एक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामवर मात्र निरोप जात नाही. विकेंद्रित माध्यमांत फोनसारखी सोय केली आहे. सर्व्हर अनेक, मालक अनेक, पण बोलण्याची रीत एक. त्या रीतीचे नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २३ जानेवारी २०१८ ला तिला मान्यता दिली. मॅस्टोडॉन हे या कुटुंबातले सर्वांत परिचित नाव. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने ते २०१६ मध्ये सुरू केले. आपल्या देशात ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कानावर आले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले आणि नाराज झालेले हजारो भारतीय तिकडे वळले. त्यांतले पुष्कळ काही आठवड्यांत परतही आले, हे खरे. ओळखीचे लोक नसले की नव्या मोहल्ल्यात करमत नाही.

पण आज मला मोहल्ला बदलायला सांगायचे नाही. मुद्दा असा की आपली स्वतःची वेबसाइट असेल, शाळेची, जमातीची, वाचनालयाची, लोणावळ्यातल्या एखाद्या होम-स्टेची, तर ती साइटच या जाळ्यात एक खाते होऊ शकते. साइटवर सूचना टाकली की जे तिला ‘फॉलो’ करतात त्यांच्याकडे ती आपोआप जाते. लिहिणे आपल्या घरात, वाचणे जगभर. वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइटसाठी ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ याच नावाचे प्लगइन आहे. मथियास फेफर्ले यांनी ते लिहिले आणि २०२३ पासून ऑटोमॅटिक ही कंपनी ते सांभाळते. विनामूल्य आहे.

वेबसाइटवरच्या गोष्टी एकाच जातीच्या नसतात. बातमी असते, कायमचे पान असते (आमच्याविषयी, फी, पत्ता), फोटो असतो, कार्यक्रम असतो. वर्डप्रेसमध्ये २०१० पासून आपल्याला हवे ते नवे प्रकार सहज करता येतात: ‘निकालपत्र’, ‘पाककृती’, ‘खोली’. तिकडे जाळ्याच्या भाषेत मात्र वस्तूंचे ठरलेले बारा प्रकार आहेत. छोटी टीप, लेख, पान, चित्र, आवाज, व्हिडिओ, कागदपत्र, कार्यक्रम, ठिकाण, व्यक्तीची ओळख, नाते, आणि बारावा प्रकार फार बोलका आहे: कबरीवरचा दगड. काही पुसून टाकले की त्या जागी ‘इथे अमुक होते, आता नाही’ असा दगड ठेवायचा, म्हणजे शोधणारा फसत नाही. हे ठरवणाऱ्याने विचार केला होता म्हणायचे.

आता आपल्या साइटवरच्या प्रकाराचे तिकडच्या बारांपैकी कोणत्या तरी एकात रूपांतर करावे लागते. हे काम प्लगइनचा एक भाग करतो. त्याला दुभाषा म्हणा. दुभाष्याला नीट सांगितले तर तो अर्थ पोहोचवतो, नाही तर सगळ्याची ‘छोटी टीप’ करून मोकळा होतो.

निकाहची दावत घ्या. साइटवर ती साध्या मजकुरासारखी लिहिली तर टीप म्हणून जाते. पण ‘कार्यक्रम’ या प्रकारात लिहिली तर तिच्यात कप्पे असतात: नाव, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, ठिकाण. वर्डप्रेसच्या निरनिराळ्या कार्यक्रम-प्लगइनांसाठी ‘इव्हेंट ब्रिज’ नावाचे जोड-प्लगइन आहे. ते हे कप्पे जसेच्या तसे पलीकडे नेते. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने २०२० मध्ये आणलेले मोबिलिझॉन खास कार्यक्रमांसाठीच आहे. तिथे ही दावत तारखेनुसार लागते, कॅलेंडरात घेता येते.

ठिकाणाचा कप्पा तर आपल्या जिल्ह्यात सोन्याचा. पुणे जिल्ह्यात तळेगाव दोन: आपले तळेगाव दाभाडे आणि शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरे. वडगावे तर विचारूच नका. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक. “निकाह तळेगावला आहे” एवढेच कळलेला बाहेरगावचा पाहुणा कोणत्या रस्त्याला लागेल? ‘ठिकाण’ या प्रकारात अक्षांश-रेखांश लिहिता येतात. लोणावळा म्हणजे साधारण १८.७५ उत्तर, ७३.४१ पूर्व. ते लिहिले की नकाशा चुकत नाही. वेळेबरोबरही भारताचा फरक, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, लिहिला जातो. त्यामुळे इथले सकाळचे साडेसात दुबईतल्या मामूंच्या पडद्यावर आपोआप सहा होऊ शकतात. निकाह ऑनलाइन पाहायला बसलेले मामू दीड तास चुकत नाहीत.

मात्र एक गोम आहे. मॅस्टोडॉन स्वतः मूळ रूपात फक्त टीप आणि जनमताचा प्रश्न एवढेच नीट दाखवते. कार्यक्रम, लेख, पान असे काही आले की ते त्याचे आपल्या परीने रूपांतर करते: शीर्षक, असल्यास थोडा सारांश, आणि मूळ साइटची लिंक. कप्प्यातली तारीख आणि जागा दाराबाहेरच राहते. म्हणजे तुम्ही कष्टाने सगळे कप्पे भरले, शीर्षक ‘दावतनामा’ एवढेच दिले, तर मॅस्टोडॉनवरच्या माणसाला ‘दावतनामा’ आणि एक लिंक दिसेल. कधी, कुठे, कोणाचा, काही नाही. म्हणून माझा आग्रह असा की कप्पे भरा, आणि शिवाय शीर्षकात किंवा सारांशात तारीख, वेळ, गाव हेही लिहा. पूर्वी हस्तपत्रिका काढायचे तेव्हा पहिल्या दोन ओळींत सगळे यायचे ना, तसे. हे दोनदा लिहिणे वाटेल, पण एक यंत्रासाठी आहे आणि एक माणसासाठी.

काही गोष्टींना बारांत जागाच नाही. पाककृती घ्या. साइटवर साहित्य वेगळे, प्रमाण वेगळे, कृती वेगळी, किती माणसांसाठी ते वेगळे असे सुबक कप्पे केले तरी तिकडे ‘पाककृती’ प्रकार नाही. ती लेख होऊन जाते. इंद्रायणी तांदूळ किती वाट्या हे मग मजकुरातच स्पष्ट असले पाहिजे. चिक्कीचे दुकान असेल तर ‘माल’ आणि ‘भाव’ यांचेही तेच. शोभेसाठी केलेले तक्ते आणि सरकणारे फोटो दुभाषा सोडून देतो. यावरून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे: साध्या ओळींत वाचून दाखवता येईल एवढेच लिहावे. वाचून दाखवल्यावर कळले तर ते पलीकडे पोहोचते.

आता आपल्या घरच्या तारखांकडे येऊ, कारण तिथे यंत्राचे आणि आपले खरे वाजते.

यंत्राची तारीख इसवी असते आणि मध्यरात्री बदलते. आपला दिवस मगरिबला बदलतो. शब-ए-बरात म्हणजे १५ शाबानची रात्र. ती कॅलेंडरात १५ शाबानसमोर जी इसवी तारीख आहे तिच्या आदल्या संध्याकाळी सुरू होते. कार्यक्रम भरणाऱ्या मुलाने ‘पूर्ण दिवस’ या चौकटीवर टिचकी मारली तर यंत्र समजते, मध्यरात्री ते मध्यरात्री. लोक एक रात्र उशिरा येतील. म्हणून रात्रीच्या कार्यक्रमाला ‘पूर्ण दिवस’ कधीही करू नये. सुरुवात आदल्या संध्याकाळची, शेवट दुसऱ्या दिवशी पहाटेचा, अशी वेळ घालून द्यावी. हिजरी तारीख मजकुरात अक्षरांनी लिहावी. तिच्यासाठी त्या बारा प्रकारांत वेगळा कप्पा नाही.

आणि चांद. रमजानची ईद कोणत्या दिवशी, हे २९ व्या रोज्याच्या संध्याकाळपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. मग सूचना आधी टाकायची की नाही? कॅलेंडरांची जी जागतिक रीत आहे, आयकॅलेंडर, तिच्यात कार्यक्रमाच्या तीन अवस्था सांगता येतात: तात्पुरता, पक्का, रद्द. मोबिलिझॉननेही त्या उचलल्या आहेत. चांदावर अवलंबून असलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘तात्पुरता’ ही अवस्था इतकी चपखल बसते की ती आपल्यासाठीच केली असावी असे वाटते. आधी तात्पुरता म्हणून टाकावे, मजकुरात ‘चांद दिसल्यास’ लिहावे, आणि एलान झाले की पक्का करावे. मावळात बकरी ईदच्या वेळी आणखी एक अट लागते: पाऊस. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. मैदानात नमाज ठरवायची आणि रात्रभर पाऊस कोसळायचा हे लोणावळ्याला नवे नाही. ‘पाऊस असल्यास मस्जिदीत, दोन जमाती, अमुक अमुक वेळी’ हे आधीच्याच सूचनेत असावे आणि पहाटे त्याच सूचनेत बदल करावा.

त्याच सूचनेत, हे शब्द मुद्दाम लिहिले. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण काय करतो? नवे चित्र पाठवतो. जुनेही फिरत राहते, नवेही फिरते, आणि लोक विचारतात खरे कोणते. अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये तयार करणे, बदलणे, पुसणे हे तीन वेगळे निरोप आहेत. साइटवर मूळ सूचना दुरुस्त केली की ‘बदल’ हा निरोप जिथे जिथे ती गेली होती त्या सर्व्हरांना जातो आणि तिथली जुनी प्रत बदलते. पत्ता तोच राहतो. म्हणून सुट्टी ५ ची ८ झाली तर नवी सूचना काढू नये, तीच उघडून दुरुस्त करावी, आणि कोणत्या जिल्ह्यांसाठी ते पहिल्याच ओळीत लिहावे.

रद्द आणि पुसणे यांत मात्र गल्लत नको. वाचनालयाचे शिबिर रद्द झाले म्हणून कुणी पान पुसून टाकले, तर कबरीचा दगड तेवढा उरतो. ज्यांनी तारीख वहीत लिहून ठेवली त्यांना रद्द झाल्याचे कळत नाही. ते टेम्पो करून येतील आणि बंद दार पाहतील. रद्द झालेले पान राहू द्यावे, त्यावर ‘रद्द’ लिहावे, कारण एका ओळीत सांगावे. पुसायचे ते चुकून गेलेले, कुणाचा खासगी नंबर गेला, असे.

आणि पुसले म्हणजे जगातून गेले, असेही नाही. ‘पुसा’ हा निरोप नीट चालणारे सर्व्हर पाळतात. बिघडलेला किंवा न जुमानणारा सर्व्हर पाळणार नाही, आणि कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो त्याच्याकडे राहिलाच. म्हणून घरातल्या मुलींचे फोटो, मय्यतीच्या घराचा पूर्ण पत्ता, आजारपणाचा तपशील, हे या वाटेने पाठवू नये. वर्डप्रेसच्या त्या प्लगइनमध्ये कोणते प्रकार बाहेर जातील हे निवडण्याच्या चौकटी आहेत. सगळ्यांवर टिचकी मारू नका. कार्यक्रम आणि बातम्या जाऊ द्या. विद्यार्थ्यांच्या निकालाचा वेगळा प्रकार केला असेल, तर तो घरातच राहू द्या.

बंदी आदेशांचेही असेच आहे, आणि तिथे जिवाचा प्रश्न असतो. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातून आलेले एक कुटुंब प्रवाहात अडकले आणि पाच जण वाहून गेले, त्यांत मुले होती. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने धबधबे, धरणे, किल्ले अशा ठिकाणांसाठी प्रतिबंधाचे आदेश काढले. अशा आदेशाचा खरा जीव तीन गोष्टींत असतो: कोणते ठिकाण, कधीपासून, कधीपर्यंत. आदेशाचा फोटो फिरतो तेव्हा नेमके हेच तीन तपशील बारीक अक्षरांत असतात किंवा दुसऱ्या पानावर असतात, जे कुणी पाठवत नाही. मग पुढच्या पावसाळ्यात जुना आदेश नवा म्हणून फिरतो, आणि नवा आला की लोक म्हणतात, “हा तर मागचाच.” मुंबईहून, पुण्याहून आपल्याकडे पाहुणे येणार असतील आणि आपली होम-स्टेची साइट असेल, तर आदेशाचा फोटो चिकटवण्यापेक्षा ठिकाणाचे नाव, सुरुवात आणि शेवट कप्प्यांत लिहून मूळ आदेशाची लिंक द्यावी. मुदत संपली की तेच पान बदलावे.

चित्र टाकायचेच नाही, असे माझे म्हणणे नाही. कार्डावरची खत्ताती सुंदर असते; ती पाहून बुजुर्गांना आनंद होतो. ती जोडावी. पण चित्राबरोबर त्याचे वर्णन लिहिण्याची जागा असते. मॅस्टोडॉनवर तिथे १५०० अक्षरे मावतात. अंध व्यक्तीचा फोन ते वर्णन मोठ्याने वाचतो. वर्णन नसेल तर तो नुसते ‘चित्र’ म्हणतो आणि गप्प बसतो. दृष्टी अधू झालेले किती दादा, नाना आता फोनकडून ऐकून घेतात! आणि ज्यांना वाचता येत नाही तेही. त्या जागेत ‘ईदचे सुंदर कार्ड’ असे लिहून भागत नाही. कार्डावर जे लिहिले आहे ते सगळे लिहावे.

आता दोन भाषांचे. आपल्याकडे एकाच घरात अब्बा उर्दू वाचतात, मुले मराठी शाळेतली, सून सेमी-इंग्रजीची. सूचना निघते ती एका भाषेत, नाही तर अर्धी वर अर्धी खाली अशी खिचडी. या जाळ्याच्या रीतीत एकाच सूचनेत एकाच मजकुराच्या निरनिराळ्या भाषांतल्या प्रती ठेवण्याची सोय आहे. प्रत्येक प्रतीवर भाषेची खूण असते, मराठीला ‘एमआर’, उर्दूला ‘यूआर’. वाचणाऱ्या अ‍ॅपला ती सोय कळत असेल तर ज्याला जी भाषा हवी ती तो दाखवू शकतो. सगळी अ‍ॅप अजून तेवढी शहाणी नाहीत. तोवर निदान भाषेची खूण तरी बरोबर द्यावी. मराठी मजकुरावर इंग्रजीची खूण राहिली तर वाचून दाखवणारा आवाज मराठी शब्द इंग्रजी धाटणीने वाचायला जातो, आणि उर्दू मजकुराला उजवीकडून डावीकडे ही दिशा नीट मिळाली नाही तर पूर्णविराम वाक्याच्या भलत्याच टोकाला जाऊन बसतो.

हे सगळे कोण करणार, असे विचाराल. कुटुंबात, जमातीत, शाळेत वर्डप्रेस जाणणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आता असतेच. तिला हा अंक वाचायला द्या आणि साइटवर ‘कार्यक्रम’ हा प्रकार वेगळा करून घ्या. डोमेनचे नाव मात्र त्या मुलाच्या खासगी ईमेलवर नको, संस्थेच्या ईमेलवर असावे, कारण मुलगा नोकरीला पुण्या-मुंबईला गेला आणि वर्षाचे नूतनीकरण राहून गेले तर पत्ताच हातचा जातो. आणि या जाळ्यात तुम्हाला फॉलो करणारे लोक त्या पत्त्यालाच जोडलेले असतात.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करायचे नाही. तिथे लोक आहेत आणि राहतील. फक्त तिथे चित्राऐवजी साइटवरच्या त्या सूचनेची लिंक पाठवावी, वर दोन ओळींत तारीख, वेळ आणि तळेगाव कोणते ते लिहून.